काढून टाकताना कारण द्यावे

२७ जुलै १६५६ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये, हाउटग्राख्त कालव्याच्या काठी असलेल्या सिनेगॉगमध्ये पोर्तुगीज भाषेतला एक ठराव वाचून दाखवण्यात आला. ठराव बारूख स्पिनोझा या तेवीस वर्षांच्या तरुणाविरुद्ध होता. त्याला ज्यू समाजातून बहिष्कृत करण्यात आले होते. यापुढे कुणी त्याच्याशी बोलायचे नव्हते, त्याला पत्र लिहायचे नव्हते, त्याच्या अडीनडीला धावायचे नव्हते. त्याच्यासोबत एका छपराखाली राहायचे नाही, त्याच्या चार हातांच्या आत जायचे नाही आणि त्याने लिहिलेले काहीही वाचायचे नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याने तोवर एकही पुस्तक छापलेले नव्हते. पहिले पुस्तक यायला १६६३ साल उजाडायचे होते.

शिक्षेचा तपशील असा हातांच्या मापापर्यंत बारीक होता. गुन्ह्याबद्दल मात्र ठराव मोघम बोलतो. त्याची मते दुष्ट आहेत, तो भयंकर पाखंड शिकवतो, त्याची कृत्ये घोर आहेत आणि विश्वासू साक्षीदारांनी तशी ग्वाही दिली आहे, एवढेच त्यात आहे. कोणते मत, कोणते कृत्य, कोणाची ग्वाही, याचा पत्ता नाही. साडेतीनशे वर्षे अभ्यासक तर्क लढवत आहेत. कुणी म्हणतात, त्याने आत्म्याचे अमरत्व नाकारले असेल. कुणी म्हणतात, धर्मग्रंथांचे पहिले पाच भाग मोशेने लिहिलेच नाहीत असे तो बोलला असेल. आणखी एक तर्क निव्वळ व्यवहाराचा आहे. वडिलांच्या पश्चात डोक्यावर आलेल्या कर्जातून सुटण्यासाठी तो त्याच वर्षी डच अधिकाऱ्यांकडे गेला होता, समाजाच्या पंचांना ओलांडून. यातले खरे कारण कोणते, की सगळीच थोडीथोडी खरी, हे ठरवायला ठरावाच्या कागदाचा उपयोग होत नाही.

या घटनेतली वेदना आणखी एका कारणाने वाढते. ठराव करणारी ही माणसे कोण होती? स्पेन आणि पोर्तुगालमधल्या धर्मचौकशीच्या छळातून पळून आलेल्या घराण्यांतली. तिथल्या इन्क्विझिशनची सर्वात भीषण रीत हीच होती, की आरोपीला तक्रार करणाऱ्याचे नाव कळू द्यायचे नाही. कित्येकदा आरोपही नीट सांगायचा नाही, तूच आठव आणि तूच कबूल कर, असे म्हणायचे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हे भोगले, त्यांनीच आपल्यातल्या एका मुलाला न सांगितलेल्या कारणासाठी उंबऱ्याबाहेर काढले. एरवी याच समाजात बहिष्कार ही नेहमीची शिस्त होती. देणे थकवले, पंचांचा अवमान केला, मना केलेल्या वेळी मना केलेला सौदा केला, की काही दिवसांचा बहिष्कार. माणूस दंड भरे, माफी मागे आणि परत येई. स्पिनोझाच्या ठरावात परतीचा रस्ता ठेवलेलाच नाही.

चार माणसे एका नियमाने राहू लागली, की त्यांच्यातल्या एखाद्याला बाहेर काढायची वेळ कधी ना कधी येतेच. मठ असो, गावकी असो, सहकारी सोसायटी असो की मोबाईलवरचा हजार माणसांचा समूह असो. जो इतरांचे राहणेच अशक्य करून सोडतो त्याला दूर करण्याचा अधिकार समूहाला असायलाच हवा. तो नाकारणे म्हणजे दांडग्याच्या हाती घर देणे. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. काढताना त्या माणसाला आणि मागे राहिलेल्यांना समूह काय देणे लागतो? हा आज कुणा एका धर्मपीठापुरता प्रश्न राहिलेला नाही. २०२१ मध्ये भारतात माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने पहिला मासिक अहवाल दिला. १५ मे ते १५ जून या एका महिन्यात भारतातली सुमारे २० लाख खाती बंद केल्याचे त्यात होते. बहुतेक खाती घाऊक संदेश पाठवणाऱ्यांची, हे खरे. पण उरलेल्यांत ज्याचे दुकान, ज्याचा मित्रपरिवार, ज्याची नातीगोती त्या एका नंबरावर होती असा माणूस असेल, तर त्याच्यापुरता तो अ‍ॅमस्टरडॅमचाच ठराव.

या प्रश्नाचा जुन्या जगात सर्वात कसून विचार केला तो बौद्ध भिक्षुसंघाने. गोव्यातल्या साखवाळला जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहून विनयाचे, म्हणजे संघाच्या शिस्तनियमांचे, जग मराठीत आणले. पण मराठी वाचक बुद्धाची करुणा जितकी ओळखतो तितकी त्याच्या संघाची कार्यपद्धती ओळखत नाही. ती ओळखायला हवी. विनयपिटकातल्या चुल्लवग्गाचा पहिला अध्यायच शिस्तभंगाच्या कारवायांवर आहे. कारवाया चढत्या आहेत. भांडखोराला ताकीद, अडाणी आणि वारंवार चुकणाऱ्याला एखाद्या जाणत्याच्या देखरेखीखाली ठेवणे, गावाला बिघडवणाऱ्याला त्या गावातून हलवणे, आणि चूक मान्यच न करणाऱ्याला संघाच्या सहवासातून दूर ठेवणे, ज्याला पालीत ‘उक्खेपनीय’ म्हणतात. मध्येच एक अगदी वेगळी कारवाई आहे. सुधम्म नावाच्या भिक्षूने चित्त नावाच्या गृहस्थाचा अपमान केला. संघाने त्याला सांगितले, जा आणि चित्ताची क्षमा माग. सुधम्म गेला, पण लाजेने त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तो तसाच परत आला. तेव्हा संघाने त्याच्यासोबत जायला एक भिक्षू दिला. सुधम्माला क्षमा मिळाली नाही, तर या सोबत्याने संघाच्या वतीने त्याच्यासाठी रदबदली करायची. चुकलेल्याला शिक्षा द्यायची आणि ती पार पाडायला सोबतही द्यायची, हे सुचायला मन फार मोठे लागते.

पण विनयाचे खरे सामर्थ्य कारवाई केव्हा रद्दबातल ठरते हे सांगण्यात आहे. माणसाच्या पाठीमागे केलेली कारवाई अधर्माची. त्याला प्रश्न न विचारता केलेली अधर्माची. त्याच्या कबुलीशिवाय केलेली अधर्माची. दोष त्याच्यासमोर मांडला नसेल, त्याला घटनेची आठवण करून दिली नसेल, अमुक नियम मोडलास असे सांगितले नसेल, तर संघ कितीही मोठ्या संख्येने जमलेला असो, ते कर्म धरायचे नाही. हे सगळे झाल्यावर भर संघात ठराव मांडायचा. त्यात त्या भिक्षूचे नाव आणि त्याने केलेली गोष्ट आलीच पाहिजे. मग तोच ठराव तीनदा उच्चारायचा, आणि दर वेळी ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे असे म्हणायचे. दोष दाखवणाऱ्यावरही बंधने होती. आधी त्याने समोरच्याची परवानगी घ्यायची. योग्य वेळी बोलायचे, खरे बोलायचे, मृदूपणे बोलायचे, हिताचे बोलायचे आणि मनात मैत्री ठेवून बोलायचे.

एवढे करूनही घोटाळा व्हायचा तो झालाच, आणि विनयाने तो लपवलेला नाही. महावग्गाच्या दहाव्या अध्यायात कौशांबीची हकिगत आहे. तिथल्या घोषिताराम विहारातल्या एका बहुश्रुत भिक्षूच्या हातून एक लहानशी चूक घडली. पुढच्या काळातल्या अट्ठकथेप्रमाणे, म्हणजे पाली भाष्याप्रमाणे, त्याने शौचकुपात भांड्यात पाणी शिल्लक ठेवले. आधी त्याला ती चूक वाटली, इतरांना नाही. नंतर त्याला वाटेनाशी झाली आणि इतरांना वाटू लागली. तो मान्य करत नाही म्हणून त्यांनी त्याला उक्खेपनीय कर्म केले. त्याचेही मित्र होते, शिष्य होते. विहारात उभे दोन तट पडले आणि प्रकरण हातघाईवर आले. बुद्ध दोन्ही तटांकडे गेला. काढणाऱ्यांना त्याने सांगितले, की केवळ आम्हाला तसे वाटते एवढ्यावर कुणाला दूर करू नका. तो विद्वान आहे, लाजणारा आहे, शिकू इच्छिणारा आहे. त्याला काढले तर संघ फुटेल, हे तोलून पाहा. आणि काढलेल्याच्या बाजूच्यांना सांगितले, की आपले चुकलेच नाही या हट्टाला पेटू नका. इतक्या जाणत्या माणसांना दोष दिसतो आहे, तर त्यांच्या विश्वासाखातर तरी तो कबूल करा. कुणीच ऐकले नाही. बुद्ध एकटाच उठून पारिलेय्यकाच्या रानात निघून गेला. तेव्हा कौशांबीच्या उपासकांनी या भिक्षूंना वंदन करणे आणि भिक्षा घालणे थांबवले. पोटाला चिमटा बसल्यावर दोन्ही तट श्रावस्तीला पोचले. तिथे काढलेल्या भिक्षूने स्वतः धर्म आणि विनय तपासून पाहिला, दोष मान्य केला आणि संघाने त्याला पुन्हा विधिपूर्वक आत घेतले.

या हकिगतीत कारण सांगितलेले होते, पद्धत पाळलेली होती, तरी संघ फुटला. म्हणजे कारण देणे हे भांडण टाळायचे औषध नव्हे. पण कारण उघड होते म्हणूनच त्या भिक्षूला शेवटी ते हाती घेऊन ग्रंथाशी ताडून पाहता आले. स्पिनोझाला अ‍ॅमस्टरडॅमच्या ठरावातले काय ताडून पाहता आले असते?

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यातले २३ ते ३० हे अध्याय याच विषयाचे आहेत. चुकणाऱ्याला आधी एकांतात दोनदा समज द्यायची, मग सगळ्यांसमोर, आणि त्यानंतरच बहिष्कार. हलक्या चुकीला फक्त पंगतीतून वगळायचे. मोठ्या चुकीला प्रार्थनेतूनही. त्याच्याशी परवानगीवाचून बोलणाऱ्यालाही तीच शिक्षा, इतके ते कडक. पण त्यातला २७ वा अध्याय वाचताना माणूस थबकतो. मठाधिपतीने वयाने आणि समजुतीने पिकलेल्या बंधूंना गुपचूप त्या बहिष्कृताकडे पाठवावे, त्यांनी त्याचे सांत्वन करावे, तो दुःखात बुडून जाऊ नये म्हणून त्याला धीर द्यावा. आणि मठ सोडून गेलेला परत येऊ पाहील, तर तीनदा घ्यावे. भारतातला संघ आणि इटलीतला मठ, दोघांनाही स्वतंत्रपणे तेच उमगले होते, की बाहेर काढलेला माणूस काढल्यानंतरही आपली जबाबदारी असतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चाळीसेक प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. बोलावणे पाठवण्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाईंचे पती. चहा आणि बिस्किटे समोर आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता ओठांना लावला, काहींनी शिवलाही नाही. पुढे ‘पुणे वैभव’मध्ये हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि शहर पेटले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायला, म्हणजे धर्म बुडाला. तक्रार शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेली, १८९२ मध्ये चौकशीसाठी शास्त्री पुण्यात येऊन बसले. साक्षी झाल्या, वकिली झाली; टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले. रानड्यांनी सनातन्यांचे समाधान व्हावे आणि सोबतच्यांचे हाल थांबावेत म्हणून प्रायश्चित्त घेतले, त्यावर सुधारकांनी त्यांना बोल लावले. त्या दिवसांतली घरातली घालमेल रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी आठवणींत लिहून ठेवली आहे. तोवर ग्रामण्याची, म्हणजे या बहिष्काराच्या वादाची, झळ घरोघर लागली होती. धर्मकार्याला भटजी मिळेनासे झाले होते.

हे प्रकरण अन्यायाचेच होते. चहाच्या कपासाठी माणसाला समाजाबाहेर ठेवणे याचे समर्थन होऊ शकत नाही. तरी अ‍ॅमस्टरडॅमशी ताडून पाहिले तर एक फरक डोळ्यांत भरतो. इथे आरोप ठसठशीत होता: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक पेय. त्यामुळे त्याला उत्तर देता आले, त्याच्यावर अग्रलेख लिहिता आले, त्यावर शहरभर वाद घालता आला. वाईट कारण उघड्यावर आले, की ते सांगणाऱ्याचीही तपासणी सुरू होते. काही दशकांत त्या कारणाचेच हसे झाले आणि असल्या चहाला कुणी विचारीनासे झाले. मोघम आरोपाचे असे होत नाही. त्याला हरवायला पकडायचे कुठे? समूह कारण द्यायला कचरतो तो बहुतेकदा याच भीतीने, की कारण दिले की आपल्यालाही त्याच्या तराजूत बसावे लागेल. म्हणूनच ते द्यायला हवे.

भारतीय न्यायालयांनी सरकारच्या बाबतीत हे मान्य केलेले आहे. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला. त्यांनी कारणे मागितली. ती देणे जनहिताचे नाही, असे उत्तर आले. जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बाजू ऐकून घेण्याचे तत्त्व ठामपणे मांडले. सरकारने पाळायचे ते तत्त्व जातीने, पंथाने, कंपनीने पाळू नये असे म्हणायला आधार कोणता?

इथे एक सीमा आखायला हवी, नाहीतर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एखाद्या मंडळाने सांगितले, की आमच्या बैठकीला येऊ नका, तर तो त्या मंडळाचा निर्णय. पण मंडळाने आपल्या सभासदांना सांगितले, की याच्याशी बोलाल तर तुम्हालाही दंड, याच्या दुकानातून मीठ घ्याल तर तुम्हीही बाहेर, याच्या मयताला जाल तर याद राखा, तर ते वाळीत टाकणे झाले. महाराष्ट्रातल्या जातपंचायतींनी हेच पिढ्यान्‌पिढ्या केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०१३ मध्ये या पंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. कार्यकर्ते थांबले नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा एकमताने मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो अंमलात आला. असा बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जातपंचायतीत कारण सांगितले जात नाही असे नाही. ते चव्हाट्यावर, सगळ्यांदेखत, मान खाली घालायला लावून सांगितले जाते. म्हणून कारण देणे आणि धिंड काढणे यांतला फरकही सांभाळावा लागतो.

धर्मपीठांचा प्रश्न याहून अवघड. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केला. पंथाची श्रद्धा राखण्यासाठी माणसाला बाहेर काढणे हा धर्माचाच भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे. विरोधात एकटे होते ते सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. बहिष्कृताला मशिदीत जाता येत नाही, दफनभूमी मिळत नाही, आपलीच माणसे त्याला अस्पृश्यासारखी वागवतात, याकडे त्यांनी बोट दाखवले. सुधारक बोहरांनी, ज्यांच्यात मुंबईचे असगर अली इंजिनियर आघाडीवर होते, हे प्रत्यक्ष सोसले. त्यांच्या बाजूने १९८६ मध्ये दाखल झालेली याचिका फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवण्यात आली. कोण आपला आणि कोण नाही हे पंथाने ठरवावे, हे मान्य करता येते. पण मेलेल्या माणसाला जमीन मिळू नये, इथवर तो अधिकार पोचतो का? आणि पोचत असेल, तर निदान ज्याला काढले त्याला समोर बसवून, आरोप वाचून, उत्तर ऐकून काढले का, हे विचारायची सोय तरी असायला नको का?

संगणकाच्या पडद्यावरच्या वस्त्यांनी हाच रस्ता पुन्हा पहिल्यापासून तुडवला. १९९३ साली लॅम्डामू नावाच्या, निव्वळ अक्षरांतून चालणाऱ्या एका आभासी वाड्यात ‘मिस्टर बंगल’ नावाने वावरणाऱ्याने एका युक्तीने इतरांच्या पात्रांकडून किळसवाणी लैंगिक कृत्ये करवून घेतली. ज्यांच्याबाबत हे झाले त्यांच्यातली एक बाई पडद्यामागे खरोखर रडली. रहिवाशांची सभा भरली, तासन्‌तास वाद झाला, निर्णय होईना. शेवटी व्यवस्थापकांपैकी एकाने एकट्यानेच ते पात्र पुसून टाकले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये हे सारे लिहिले. बंगल जाणे योग्यच होते, पण एका माणसाच्या बोटाने ते होऊ नये, हे त्या वाड्याच्या संस्थापकालाही जाणवले आणि त्याने पुढच्या निर्णयांसाठी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. बंगल मात्र नव्या नावाने परत आला. पडद्यावरचे हद्दपार करणे असे सच्छिद्र असते. ज्याला मुळी सुधारायचेच नाही तो मागच्या दाराने येतो आणि ज्याला कारण कळले तर सुधारावेसे वाटले असते, तो तेवढा कायमचा बाहेर राहतो.

२०२१ च्या जानेवारीत अमेरिकेच्या संसदभवनावर जमाव चालून गेला, त्यानंतर फेसबुकने डोनाल्ड ट्रम्प यांचे खाते बेमुदत गोठवले. ट्विटरने त्यांना कायमचे काढले. ट्रम्पांच्या राजकारणाशी जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँजेला मर्केल यांचे कधीच पटले नव्हते, तरी हे प्रकार चिंताजनक वाटतात, असे त्यांनी प्रवक्त्यामार्फत कळवले. फेसबुकनेच नेमलेल्या देखरेख मंडळाने ५ मे रोजी निकाल दिला. खाते गोठवणे त्या घडीला योग्य होते, पण ‘बेमुदत’ ही शिक्षा कंपनीच्या नियमांत कुठेच नाही. किती काळ, कोणत्या निकषावर, ते ठरवा आणि सांगा. जूनमध्ये कंपनीने दोन वर्षांची मुदत जाहीर केली. ज्याला ट्रम्प यांचे तोंड बघवत नाही त्यानेही या निकालाचे स्वागत करायला हवे. जो नियम अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला लागू होत नाही, तो इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला कोण लावणार?

कारण देण्याविरुद्धचे आक्षेप फालतू नाहीत. पहिला घाऊक फसवणूक करणाऱ्यांचा. त्यांना कशामुळे पकडले हे सांगितले, की ते उद्या तेवढे चुकवून येतात. खरे आहे; पण यंत्राने चालवलेल्या हजार खात्यांना कारण देणे हे कुणाचेच कर्तव्य नाही. कर्तव्य माणसापाशी आहे, आणि आपण यंत्र नाही हे दाखवायची एक जागा मात्र त्याला मिळायला हवी.

दुसरा आक्षेप जड आहे. एखाद्या बाईने तक्रार केली, की हा मला रात्री-अपरात्री घाणेरडे संदेश पाठवतो. त्याला कारण सांगितले तर तक्रार कुणाची हे तो तत्काळ ओळखेल. विनयातला समोरासमोरचा नियम इथे जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि लावू नये. भिक्षुसंघात आरोप करणारा आणि आरोपी एकाच छताखाली, एकाच शिस्तीखाली होते. इथे एकाला दुसऱ्याच्या घराचा पत्ता माहीत असू शकतो. म्हणून कृत्य सांगावे, सांगणारा झाकावा. आणि कृत्य सांगूनही तो उघड होत असेल तर कृत्याचा प्रकार तेवढा सांगावा. हे इन्क्विझिशनकडे परत जाणे नव्हे का, असे कुणी विचारील. नव्हे, कारण इथे साक्षीदाराने म्हटले एवढ्यावर निकाल लावायचा नाही. संदेश पाहिलेले असतात, आणि निर्णय देणाऱ्याहून वेगळ्या कुणाकडे दाद मागता येते. ही दाद काढून घेतली, तर मात्र आक्षेप खरा ठरेल.

तिसरे म्हणणे असे, की हे सगळे सांभाळणारी माणसे बिनपगारी, थकलेली असतात. त्यांनी प्रत्येकाला निकालपत्र लिहायचे का? विकिपीडियाने याला साधे उत्तर शोधले आहे. कुणाला रोखले, की नोंदवहीत त्याचे खाते, मुदत आणि एका ओळीचे कारण उमटते, कुणालाही पाहता येते. आणि रोखलेल्याला सहसा स्वतःच्या चर्चापानावर लिहून दाद मागता येते. मराठी विकिपीडियावरही हीच सोय आहे. एक ओळ पुरते, ती खरी आणि नेमकी असली म्हणजे. युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायदा करून मंचांवर कारणे देण्याचे बंधनच घातले.

परतीचा प्रश्न राहतो. आळंदीच्या परंपरेत सांगतात, की संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना, ज्ञानदेवांच्या वडिलांना, वाळीत टाकले गेले आणि त्यांनी प्रायश्चित्त विचारले तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे नाही असे उत्तर मिळाले. पतिपत्नींनी ते स्वीकारले. तरी मुलांना पैठणच्या ब्रह्मसभेपुढे शुद्धिपत्रासाठी उभे राहावेच लागले. कारण ठाऊक होते, नियम लिहिलेला होता, आणि तरी परतीची वाट नसल्याने शिक्षा निरपराध लेकरांच्या अंगावर उतरली. महाराष्ट्र दर वर्षी ज्ञानदेवांची पालखी खांद्यावर घेतो. ज्या व्यवस्थेने त्या चार भावंडांचे हे केले, तिच्यातली ही उणीव त्याने विसरू नये.

आज याची परीक्षा रोजच्या घराघरांत होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे गृहनिर्माण सोसायटीला एखाद्या सभासदाला काढायचे असेल, तर सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या मतदारांपैकी तीन चतुर्थांशांचे मत लागते, त्याला सभेपुढे बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि निबंधकांची मंजुरी मिळेपर्यंत ठराव लागू होत नाही. त्याच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून त्याच सभासदाला काढायला अ‍ॅडमिनच्या अंगठ्याचा एक स्पर्श पुरतो. पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती, बिलाची मुदत, कुणाच्या घरी झालेले दुःख, सगळे त्या ग्रुपवर कळते. तेव्हा तिथून काढलेला माणूस इमारतीत राहूनही निम्मा बाहेर पडतो.

अशा वेळी अ‍ॅडमिनने त्याला वेगळा संदेश लिहावा. ‘काका, मंगळवारी रात्री तुम्ही वॉचमनच्या जातीवरून जे लिहिलेत ते ग्रुपच्या नियमात बसत नाही. मागच्या महिन्यात मी दोनदा फोन करून हेच सांगितले होते. म्हणून तीन महिने तुम्हाला ग्रुपबाहेर ठेवत आहे. पाण्याच्या आणि बिलांच्या सूचना तुम्हाला वेगळ्या मिळतील. हा निर्णय चुकीचा वाटत असेल तर सेक्रेटरींशी बोला. त्यांनी सांगितले तर मी मागे घेईन. तीन महिन्यांनी मीच तुम्हाला परत घेतो.’ ग्रुपवर दुसरा, त्याहून लहान संदेश पुरे: नियम कोणता मोडला, मुदत किती आणि त्यांच्याशी जिन्यात बोलणे कुणीही थांबवू नये.